टॉवर डोक्यावर दिसतो, मग रेंज का नाही? कोकणातल्या नेटवर्कची सगळी भानगड

गणपतीत मुंबईकर गावी आले की दुसऱ्या दिवसापासून एकच तक्रार सुरू होते, दांड्या फुल दिसतायत पण व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो जात नाहीये. विसर्जन झालं, चाकरमानी परत गेले, वाडी रिकामी झाली की त्याच घरात त्याच फोनवर नेट मस्त पळतं. आणि खालच्या वाडीतल्या लोकांचं बघा, त्यांना बारा महिने रेंज नाही, कॉल करायचा तर सड्यावर, म्हणजे वरच्या कातळ पठारावर चढा नाहीतर रस्त्याच्या वळणावर जाऊन उभे राहा, आणि टॉवर तर त्यांच्या डोक्यावर दिसतोय. दोघंही बोलताना म्हणतात "नेटवर्क नाही". पण ही दोन दुखणी वेगळी आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी आहेत, आणि हे न कळल्यामुळे आपण वर्षानुवर्षं "टॉवर द्या, टॉवर द्या" एवढंच मागत बसतो. कधीकधी टॉवर मिळतोसुद्धा, आणि तरी काही फरक पडत नाही.

तर सुरुवात फ्रीक्वेन्सीपासून करू, कारण निम्मा घोळ तिथेच आहे.

फोन आणि टॉवर रेडिओ लहरींनी बोलतात हे सगळ्यांना माहितीय. ह्या लहरी वेगवेगळ्या पट्ट्यांत असतात, त्यांना बँड म्हणतात. आपल्याकडे ७००, ८५०, ९००, १८००, २१००, २३००, २५०० मेगाहर्ट्झ आणि ५जी साठी ३३०० च्या पुढचा पट्टा, मुख्यतः एवढे वापरात आहेत. आकडा जेवढा लहान तेवढी लहर लांब. ७०० ची लहर साधारण ४३ सेंटीमीटरची, ९०० ची ३३, १८०० ची १७ च्या आसपास आणि ३५०० ची जेमतेम साडेआठ सेंटीमीटर. लांब लहर डोंगराच्या कडेवरून थोडी वाकते, झाडीतून, भिंतीतून बऱ्यापैकी पार होते, आखूड लहर पटकन अडते. शिमग्यात पालखी पलीकडच्या वाडीत नाचत असते तेव्हा आपल्याला घरात फक्त ढोलाचा घुमारा ऐकू येतो, सनई ऐकूच येत नाही, ती तिथेच विरते, तसंच काहीसं हे आहे.

फक्त अडण्याचा प्रश्न नाही. मोकळ्या हवेतसुद्धा, टॉवरची ताकद तीच, अंतर तेच, अँटेना त्याच प्रकारचा ठेवला तर ७०० च्या तुलनेत ३५०० वर फोनला मिळणारा सिग्नल साधारण २५ पट कमी असतो. त्यात कोकणातली डोंगर, दरी, खाडी, आमराई, नारळी-पोफळीच्या बागा ही सगळी अडथळ्यांची शर्यत वर. म्हणून समजा ७०० वर जो टॉवर सहा किलोमीटर पोचतो तो वरच्या बँडवर दोन किलोमीटरच पोचला, तर क्षेत्रफळ तीन पट नाही, नऊ पट कमी होतं. म्हणजे तेवढाच भाग झाकायला एकाच्या जागी नऊ टॉवर. पुण्यात कंपनी नऊ टॉवर लावेल, कारण तिथे खाली हजारो गिऱ्हाईक आहेत. आपल्याकडे एक वाडी ह्या टेकडीला, दुसरी त्या टेकडीला, मध्ये व्हाळ आणि काजूची कलमं, तिथे नऊ टॉवर कोणी लावणार नाही हे कटू आहे पण खरं आहे. म्हणून ग्रामीण भागाला खालचा बँड मिळणं हा आपल्या जिव्हाळ्याचा विषय असायला हवा. ७०० चा पट्टा २०१६ आणि २०२१ च्या लिलावात कोणी घेतलाच नव्हता एवढा तो महाग होता, २०२२ ला एकट्या जिओने घेतला, आणि बीएसएनएलला सरकारने दिलाय. एअरटेल आणि व्हीआयची खालच्या बाजूची मदार मुख्यतः ९०० वर आहे.

मग सगळं ७०० वरच का चालवत नाहीत? कारण तिथे जागा कमी आहे. आता इथे नीट लक्ष द्या, गणपतीच्या तक्रारीचं उत्तर इथे आहे.

स्पीड ठरतो तो मुख्यतः पट्टा किती रुंद आहे त्यावर. जिओकडे ७०० मध्ये १० मेगाहर्ट्झ रुंदीची जोडी आहे (एक पट्टा पाठवायला, एक घ्यायला), ५जी च्या ३३०० च्या पट्ट्यात मात्र एका कंपनीकडे १०० मेगाहर्ट्झपर्यंत रुंदी असते. ४जी मध्ये १० मेगाहर्ट्झवर साध्या दोन अँटेनांच्या फोनला कागदावरचा सगळ्यात जास्त स्पीड साधारण ७५ एमबीपीएस. आणि हा एका माणसाला नाही, टॉवरच्या त्या तोंडाखाली जेवढे फोन आहेत त्या सगळ्यांना मिळून. टॉवरला सहसा तीन तोंडं असतात, सेक्टर म्हणतात त्यांना, प्रत्येक एका दिशेला. आता एका सेक्टरखाली दोन-तीन वाड्या, एरवी त्यात म्हातारी माणसं आणि थोडी पोरं, गणपतीत प्रत्येक घरात दहा-पंधरा माणसं, प्रत्येकाच्या हातात फोन, आरतीचा व्हिडिओ सगळ्यांना एकाच वेळी टाकायचाय. टॉवर तोच, पट्टा तोच. फोनवरच्या दांड्या तुम्हाला सिग्नल किती जोरात ऐकू येतोय तेवढंच सांगतात, रांगेत किती जण उभे आहेत ते दांड्या सांगत नाहीत.

अजून एक गोष्ट ह्यात फारशी कोणाला माहीत नसते. सिग्नल चांगला असेल तर टॉवर एका झटक्यात आठ बिट पाठवू शकतो, सिग्नल खराब असेल तर चुका होऊ नयेत म्हणून त्याच झटक्यात दोनच बिट पाठवतो. म्हणजे माजघरात एका दांडीवर बसून रील बघणाऱ्या माणसाला तीच रील द्यायला टॉवरला चार पट किंवा त्याहून जास्त वेळ मोडावा लागतो, आणि तो वेळ सगळ्यांच्या वाट्यातून जातो. त्यामुळे ज्या सेक्टरखाली बहुतेक घरं लांब आणि आडोशाला आहेत तिथे ते कागदावरचे ७५ प्रत्यक्षात फारच कमी उरतात, मग गर्दी थोडी असली तरी.

५जी चंही तेच गणित. देशात ५जी १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं आणि गावागावात लोक आयकॉन बघून खूश झाले, पण ७०० वरचं ५जी म्हणजे रेंज चांगली आणि स्पीड बेताचा, ३३०० वरचं ५जी म्हणजे स्पीड जबरदस्त पण बाजारपेठेच्या पलीकडे वळणावर गेलात की संपलं. दोन्हीला फोनवर एकच चिन्ह येतं. रत्नागिरी, चिपळूण, कणकवलीत जे मिळतं ते आतल्या गावात का नाही, ह्याचं बरंचसं उत्तर एवढंच आहे.

आता टॉवर डोक्यावर असून रेंज नसणाऱ्या खालच्या वाडीकडे येऊ. हा मला स्वतःला सगळ्यात महत्त्वाचा भाग वाटतो, कारण कोकणातली निम्मी गावं अशीच वसलेली आहेत, वर कातळ सडा, उतारावर कलमं, पायथ्याला घरं, पुढे शेती नाहीतर खाडी. कंपनी टॉवर सड्यावर लावते, उंची फुकट मिळते, रस्ता असतो, जागेचा मालक एकच असतो. टॉवरवरचे ते उभे लांबट पत्रे म्हणजे अँटेना, ते चारी बाजूंना सारखा सिग्नल फेकत नाहीत. जास्त लांब पोचावं म्हणून ते सिग्नल आडव्या पट्टीत दाबून फेकतात, वर-खाली ही पट्टी साधारण सात-आठ अंशांचीच असते. म्हणजे मुख्य झोत निघतो तो समोर क्षितिजाच्या जरा खाली, थेट खाडीपलीकडच्या गावात. पायथ्याची वाडी त्या झोताच्या खाली राहते, शिवाय सड्याचा काठ मध्ये आडवा येतो. म्हणून खाडीपलीकडे चार किलोमीटरवर फुल रेंज आणि टॉवरच्या बरोबर खाली पाचशे मीटरवर काही नाही, असं घडतं.

ह्यावर उपाय असतो. अँटेना खाली झुकवता येतो, त्याला टिल्ट म्हणतात, नव्या अँटेनात तर तो ऑफिसात बसून बदलता येतो. पण टिल्ट वाढवला की पलीकडच्या गावाची रेंज कमी होणार, त्यामुळे कंपनी तो कोणासाठी ठेवायचा ते ठरवते, आणि ज्यांनी नेमकी तक्रार केली नाही त्यांचा विचार होत नाही. सड्याचा काठच आडवा असेल तर मात्र टिल्टने काही होत नाही, मग समोरच्या डोंगरावरून त्या वाडीकडे तोंड करून सेक्टर लागतो. वाडीवर टॉवर आणण्यापेक्षा वाडीच्या समोर टॉवर आणणं शहाणपणाचं, हे ग्रामसभेत जागा सुचवताना लक्षात ठेवायला हवं.

आणि रेंज दिसते पण कॉल लागत नाही, "हॅलो हॅलो, आवाज येतोय का" चालू असतं, ते का? टॉवरवरचा रेडिओ दहा-वीस-चाळीस वॉटने बोलतो. तुमचा फोन ४जी वर साधारण ०.२ वॉटने. टॉवर ओरडतो ते फोनला ऐकू येतं म्हणून दांडी दिसते, फोन कुजबुजतो ते टॉवरला ऐकू येत नाही. अशा जागी फोन सतत पूर्ण ताकद लावत राहतो, म्हणून गावी गेलं की बॅटरी दुपारपर्यंत संपते आणि फोन गरम होतो. ज्यांना टॉवरच्या रेडिएशनची भीती वाटते त्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावं, कारण टॉवर जवळ असला की कानाला लावलेला फोन आपली ताकद शेकडो-हजारो पटींनी कमी करतो. टॉवरच्या किरणांसाठी भारताने २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश एवढी कडक मर्यादा ठेवली होती, आणि कुठल्या टॉवरची काय स्थिती हे सरकारच्या तरंग संचार पोर्टलवर बघता येतं. टॉवरसाठीची ग्रामपंचायतीची एनओसी, म्हणजे ना-हरकत, अडवण्याआधी तिथे एकदा बघा.

घराचंही बघायला हवं. दांड्यांवर जाऊ नका, प्रत्येक कंपनीचा फोन दांड्या वेगळ्या हिशोबाने दाखवतो. अँड्रॉइडमध्ये सेटिंगमध्ये सिमच्या माहितीत सिग्नलचा आकडा असतो, डीबीएममध्ये, बऱ्याच फोनवर *#*#४६३६#*#* डायल करूनही दिसतो. तो उणे असतो, उणे ८५ चांगला, उणे १०० चालतं, उणे ११० ला रडतखडत, उणे १२० म्हणजे गेलंच. दर १० ने आकडा खाली गेला की सिग्नल दहा पट कमी, हे विसरू नका. आमच्या गावच्या घरी खळ्यात उणे ९७ येतो, पडवीत १०५ आणि माजघरात ११८. म्हणजे अंगणापासून माजघरापर्यंत शंभर पटींहून जास्त सिग्नल भिंतींनी खाल्ला. चिऱ्याची जाड भिंत असतेच तशी, आणि पावसात जांभा पाणी पिऊन बसला की अजून जास्त खातो. कौलारू छपरातून सिग्नल थोडाफार येतो, पण आता सगळीकडे स्लॅबवर पत्र्याची शेड घालायची पद्धत आलीय, त्या पत्र्यातून काहीही येत नाही, सिग्नल आपटून परत जातो. टॉवर वरच्या अंगाला असेल तर पत्रा टाकल्यावर वरच्या खोलीतली रेंज का गेली हे कोणालाच कळत नाही.

पाऊस. पावसात रेंज जाते हे खरं, पण फोनचा सिग्नल पावसात विरघळत नाही. ९०० किंवा १८०० वर पावसाच्या थेंबांनी होणारी घट नगण्य आहे, ओली झाडी थोडं जास्त अडवते इतकंच. खरा फटका बसतो तो टॉवरच्या पाठीमागे. प्रत्येक टॉवर कशाने तरी पुढे जोडलेला असावा लागतो, फायबरने किंवा मायक्रोवेव्हने, टॉवरवर त्या पांढऱ्या गोल डिश असतात त्या मायक्रोवेव्हच्या, एका टॉवरवरून दुसऱ्यावर नेम धरून लावलेल्या. त्या १५, १८, २१ गिगाहर्ट्झवर चालतात, म्हणजे फोनच्या दहा-वीस पट वर, आणि तिथे पाऊस मोठा शत्रू. ताशी १०० मिलिमीटरच्या जोरात १८ गिगाहर्ट्झची लिंक दर किलोमीटरला साधारण १० डेसिबल गमावते, म्हणजे प्रत्येक किलोमीटरला सिग्नल दहावा हिस्सा. जुलैतल्या कोकणी पावसाला असा जोर काही नवीन नाही. लिंक तेव्हा आपोआप हळू चालायला लागते, दांड्या फुल राहतात आणि नेट रांगतं. पूर्ण तुटली तर तो टॉवर गेला, आणि त्याच्या मागे साखळीत जेवढे टॉवर त्याच्यावर अवलंबून होते ते सगळे एकदम गेले. म्हणून एका रात्रीत पाच गावांची रेंज एकत्र जाते. फायबर असेल तर पाऊस त्याला काही करत नाही, पण हायवेच्या कामातला जेसीबी आणि दरड करतात.

आणि लाईट. महावितरणची लाईन झाड पडून गेली की टॉवर बॅटरीवर जातो, त्या काही तास टिकतात, मग डिझेल लागतं, आणि डिझेल न्यायला रस्ता लागतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे जे झालं ते सगळ्यांना आठवत असेल, मुंबईतल्या पोरांना आईवडील जिवंत आहेत का हे कळायला मार्ग नव्हता. वायरलेस म्हणतात त्या सगळ्याला तारेने वीज यावी लागते. मला मनापासून वाटतं की किनाऱ्यावरच्या प्रत्येक तालुक्यात निदान काही टॉवर तरी दोन-तीन दिवस वीज नसताना चालतील असे असायला हवेत, आणि हे आपण टॉवरच्या संख्येइतकंच जोर लावून मागायला हवं.

समुद्रावरची गोष्ट उलटी आहे. पाण्यावर अडथळा नाही, त्यामुळे हर्णै, जयगड, देवगड, मालवणच्या बोटींना बऱ्याच आतपर्यंत रेंज मिळते. समुद्रापासून दीडशे मीटर उंचीवर अँटेना असेल तर बोटीवरच्या फोनला पृथ्वीच्या गोलाईच्या हिशोबाने साधारण ५५ किलोमीटरपर्यंत तो टॉवर "दिसतो". पण २जी च्या नियमांत साध्या सेटिंगला ३५ किलोमीटरची हद्द आहे, त्यापलीकडून फोनचं उत्तर टॉवरला उशिरा पोचतं आणि तो घेत नाही, दांडी दिसत असली तरी. ४जी मध्ये हद्द जास्त ठेवता येते, पण किती ठेवायची हे कंपनीच्या सेटिंगवर. पावसाआधीच्या दिवसांत तर समुद्रावर खाली दमट आणि वर गरम कोरड्या हवेचे थर असे बसतात की लहरी त्यात अडकून पाण्याला चिकटून लांबच लांब जातात. दुसऱ्या महायुद्धात मुंबईतल्या रडारवर हजार मैलांहून लांबचा अरबस्तानचा किनारा दिसायचा तो ह्यामुळेच. तेव्हा एखाद्या तांडेलाला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, आत खोल समुद्रात अचानक दोन दांड्या दिसल्या तर नवल नाही, पण त्या भरवशाच्या नाहीत. जीव वाचवायचा तर व्हीएचएफ, म्हणजे बोटीवरचा वायरलेस रेडिओ, आणि संकटाचा इशारा देणारं यंत्र बोटीवर हवंच.

फोनबद्दल थोडक्यात. दोन भाऊ, एकच सिम कंपनी, एकाला रेंज एकाला नाही, असं झालं तर फोनचे बँड तपासा. बीएसएनएलचं स्वदेशी ४जी ७०० आणि २१०० वर आहे, ७०० साठी फोनमध्ये बँड २८ लागतो, जुन्या बऱ्याच फोनमध्ये तो नाही. मग लोक सिमला शिव्या देतात. व्होल्टी, म्हणजे ४जी वरूनच कॉल करायची सोय, चालू आहे ना तेही बघा.

बूस्टर घेऊ नका. चिपळूणपासून वेंगुर्ल्यापर्यंत दुकानात, ऑनलाईन सगळीकडे मिळतो पण परवानगीशिवाय तो लावणं बेकायदेशीर आहे आणि कारण पटण्यासारखं आहे. तो तुमच्या फोनचा आवाज वाढवतो त्याबरोबर गोंगाटही टॉवरकडे ढकलतो, आणि त्या गोंगाटात बाकीच्या वाडीच्या फोनची कुजबुज टॉवरला ऐकू येईनाशी होते. त्यापेक्षा केबलवाल्याचं किंवा सरकारच्या भारतनेट योजनेचं फायबर घरापर्यंत येत असेल तर ते घ्या आणि फोनवर वायफाय कॉलिंग चालू करा, माजघरातूनसुद्धा स्वच्छ कॉल होतो आणि टॉवरवरचा भारही कमी होतो. फायबर नसेल तर छपरावर अँटेना लावून मिळणारं एअर फायबर बघा, पण आधी त्या छपरावर उभं राहून डीबीएम मोजून घ्या, आणि जमलं तर पावसाळ्यात.

आणि तक्रार करताना "आमच्या गावात नेटवर्क नाही" एवढंच नका लिहू. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०२४ च्या नियमांनी कंपन्यांना आपल्या वेबसाईटवर कव्हरेजचा नकाशा टाकावा लागतो, त्यात तुमची वाडी रंगवलेली आहे का ते बघा, स्क्रीनशॉट काढा. मग घराच्या बाहेरचा आणि आतला आकडा, कुठला बँड, ४जी की ५जी, सकाळी किती आणि रात्री नऊला स्पीड किती, लाईट गेल्यावर किती तासांनी टॉवर बंद पडतो, हे लिहा. बाहेर उणे ११५ असेल तर सेक्टर किंवा टिल्ट मागा. बाहेर उणे ८५ असून रात्री नेट मरत असेल तर टॉवर आहेच, तिथे जास्तीचा बँड किंवा पाठीमागची लिंक वाढवून मागा. फक्त पावसात जात असेल तर मायक्रोवेव्हच्या जागी फायबर. १९८ वर तक्रार नोंदवून नंबर घ्या, आठवड्याभरात काही झालं नाही तर कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे त्याच नंबरने जा, आणि वाडीतल्या दहा घरांनी आपापले आकडे लिहून वेगवेगळ्या दहा तक्रारी करा, एका अर्जावर दहा सह्या नकोत, कारण कंपनीकडे मोजल्या जातात त्या तक्रारी.